निवडणुकीच्या तोंडावर रिकामी झालेली खुर्ची : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांचे गणित

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीचे मतदान ११ एप्रिल ते १९ मे असे सात टप्प्यांत चालले होते. त्याच धामधुमीत, ८ मे रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे नेमणुकांसाठी नावे ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती भूषण गवई आणि हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सूर्य कांत यांच्या नावांची शिफारस केली, आणि सरकारने परत पाठवलेली न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस व न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांची नावेही पुन्हा पुढे केली. २३ मे रोजी निकाल लागला आणि २४ मे रोजी चौघांनीही शपथ घेतली. मूळचे अमरावतीचे असलेले गवई पुढे सरन्यायाधीश होणार, हे ज्येष्ठता आणि निवृत्तीच्या तारखा मांडून तेव्हाच सांगता येत होते, आणि २०२५ मध्ये ते झालेही. तरीही ‘निवडणूक चालू असताना सर्वोच्च न्यायालयातील जागा का भरता, नव्या सरकारसाठी थांबा’ हा मतदारांच्या दृष्टीने मुद्दाच नव्हता. अमेरिकेत मात्र गेल्या दशकात याच प्रश्नावरून दोनदा एवढे रण माजले की, त्याचे परिणाम तिथले न्यायालय आजही निस्तरत आहे.

हा फरक समजून घ्यायचा, तर अमेरिकेत न्यायमूर्ती नेमला कसा जातो, हे आधी पाहावे लागते. तिथल्या राज्यघटनेने हे काम दोघांत वाटून दिले आहे : राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे आणि सिनेटने, म्हणजे प्रत्येक राज्यातून दोन अशा १०० सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहाने, त्याला संमती द्यायची. प्रथेनुसार नाव आधी सिनेटच्या न्यायविषयक समितीकडे जाते, उमेदवार सिनेटरांच्या गाठीभेटी घेतो, समिती काही दिवस जाहीर सुनावणी घेऊन त्याची उलटतपासणी करते आणि मग संपूर्ण सिनेट मतदान करते. यांतला कोणताही टप्पा किती दिवसांत उरकायचा, हे घटनेत लिहिलेले नाही. निवडणुकीच्या वर्षात नेमणूक करू नये असेही लिहिलेले नाही, आणि केलीच पाहिजे असेही नाही. पुढचा सगळा वाद या मोकळ्या जागेत उभा आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी आणि उच्च न्यायालयाचा ६२ व्या वर्षी निवृत्त होतो, त्यामुळे कोणती जागा कोणत्या दिवशी रिकामी होणार, हे कॅलेंडर पाहून सांगता येते. अमेरिकेत वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात, न्यायमूर्ती पदावर राहू शकतो. न्यायालयात जागा फक्त नऊ आणि त्या कधी रिकाम्या होतील याचा नेम नाही. जिमी कार्टर यांना १९७७ ते १९८१ या चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयावर एकही नेमणूक करता आली नाही, तर डोनाल्ड ट्रम्प यांना पहिल्याच कार्यकाळात तीन करता आल्या. पन्नाशीच्या आत नेमलेली व्यक्ती सहज तीस वर्षे निकाल देत राहणार, म्हणजे तिला नेमणारा राष्ट्राध्यक्ष आणि संमती देणारे बहुतेक सिनेटर राजकारणातून गेले तरी त्यांची निवड मागे उरणार. एका जागेला एवढी किंमत आली की ती कोणत्या तारखेला भरली जाते, याचीही किंमत आपोआप वाढते.

१३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया टेक्सासमधील एका रँचवर मृतावस्थेत आढळले. १९८६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी त्यांना नेमले होते आणि सिनेटने ९८ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली होती. तीस वर्षे ते न्यायालयातील रूढिवादी विचारांचा सर्वांत ठळक आवाज होते. त्यांच्या निधनाची बातमी येऊन काही तास होतात न होतात तोच सिनेटमधील बहुमताचे नेते, रिपब्लिकन पक्षाचे मिच मकॉनेल यांनी निवेदन काढले : पुढचा न्यायमूर्ती निवडण्यात जनतेला वाव मिळाला पाहिजे, म्हणून नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरू नये. तेव्हा निवडणुकीला जवळपास नऊ महिने बाकी होते आणि बराक ओबामा यांच्या कार्यकाळाचे अकरा महिने शिल्लक होते. कोणाचे नाव येणार, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. विरोध व्यक्तीला नव्हताच, तो तारखेला होता.

ओबामांनी १६ मार्च रोजी मेरिक गारलंड यांचे नाव जाहीर केले. त्रेसष्ट वर्षांचे गारलंड वॉशिंग्टनमधील अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९९७ मध्ये सिनेटनेच त्यांना त्या न्यायालयावर ७६ विरुद्ध २३ मतांनी पाठवले होते. मवाळ विचारांचा आणि वयानेही फार तरुण नसलेला माणूस निवडून ओबामांनी विरोधकांपुढे तडजोड ठेवली होती. परंतु न्यायविषयक समितीतील अकराही रिपब्लिकन सदस्यांनी, सुनावणीच घेणार नाही, असे फेब्रुवारीतच लेखी कळवून टाकले होते. नाव २९३ दिवस सिनेटपुढे पडून राहिले. त्यापूर्वीचा विक्रम लुई ब्रँडाइस यांच्या नावावर होता, आणि तो होता १२५ दिवसांचा. त्यांना मात्र त्या १२५ दिवसांच्या शेवटी मान्यता मिळाली होती, आणि तीही १९१६ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्याच वर्षात. ३ जानेवारी २०१७ रोजी सिनेटचा कार्यकाळ संपला, तसे गारलंड यांचे नाव कोणत्याही मतदानाविना आपोआप बाद झाले.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा लागेल, कारण बहुतेक चर्चांत तो हरवतो. सिनेटला नाव फेटाळण्याचा अधिकार आहे आणि तो तिने अनेकदा वापरला आहे. १९८७ मध्ये रेगन यांनी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांची कडाक्याची सुनावणी झाली आणि शेवटी ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नकार मिळाला. तो नकार कडवट असला तरी उघड होता. कोणत्या सिनेटरने काय केले, हे त्याच्या मतदारांना दिसले. गारलंड यांच्या बाबतीत नकार दिलाच गेला नाही. भिजत घोंगडे ठेवले गेले. त्या वर्षी ओबामांना कौल देणाऱ्या इलिनॉयसारख्या राज्यांतील काही रिपब्लिकन सिनेटरांना स्वतःच फेरनिवडणुकीला सामोरे जायचे होते. एका प्रतिष्ठित, मवाळ न्यायाधीशाविरुद्ध उघड मत देणे त्यांना जड गेले असते आणि त्याच्या बाजूने मत देणे पक्षाला चालले नसते. मतदानच न घेतल्यामुळे दोन्ही पेच टळले. माझ्या मते २०१६ मधील खरे नुकसान जागा रिकामी राहण्याचे नव्हते. घटनेने दिलेली जबाबदारी कोणाच्याही नावावर न चढता टाळता येते, हे त्या वर्षी सिद्ध झाले, आणि ते नुकसान अधिक मोठे आहे.

ओबामा सिनेटला वळसा घालू शकले नसते का? १९५६ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर यांनी नेमके तसेच केले होते. न्यायमूर्ती शर्मन मिंटन निवृत्त झाले, त्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, म्हणजे निवडणुकीला तीन आठवडे असताना, त्यांनी विल्यम ब्रेनन यांना तात्पुरते नेमून टाकले. सिनेटचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्राध्यक्षाला अशी नेमणूक करण्याची मुभा घटना देते. सिनेटची संमती नंतर घ्यायची असते. ब्रेनन डेमोक्रॅट आणि कॅथॉलिक होते, न्यू जर्सीच्या न्यायालयात काम करत होते, आणि ईशान्येकडील राज्यांत त्याचा उपयोग होईल, हा हिशेब आयझेनहॉवर यांच्या माणसांनी लपवलेला नाही. सिनेटने १९५७ मध्ये संमती दिली आणि ब्रेनन १९९० पर्यंत न्यायालयात राहून त्या शतकातील सर्वांत प्रभावी उदारमतवादी न्यायमूर्तींपैकी एक ठरले. तीन आठवड्यांच्या प्रचाराचा हिशेब चौतीस वर्षांच्या निकालांवर जाऊन बसला, तोही नेमणाऱ्याच्या पक्षाला न रुचणाऱ्या दिशेने. मधल्या काळात ही वाट अरुंद झाली. सिनेट सुट्टीवर असली तरी दर तीन दिवसांनी एखादा सिनेटर रिकाम्या सभागृहात येतो, हातोडा वाजवतो आणि काही सेकंदांत कामकाज तहकूब करून निघून जातो. कागदोपत्री अधिवेशन चालूच राहते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे ग्राह्य धरले आणि दहा दिवसांहून लहान सुट्टी अशा नेमणुकीसाठी साधारणपणे पुरेशी नाही, असे सांगितले.

वर्षभर न्यायालय आठ जणांवर चालले. आठांत चार-चार अशी विभागणी झाली, तर खालच्या न्यायालयाचा निकाल कायम राहतो, पण त्यातून देशभर लागू होणारा दंडक तयार होत नाही. कॅलिफोर्नियातील शिक्षक संघटनेच्या वर्गणीचा खटला २०१६ च्या मार्चमध्ये असाच चार-चारवर अडकला. सदस्य नसलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांकडून संघटनेने वर्गणी घ्यावी की नाही, हा प्रश्न त्यात होता. संघटना वाचल्या. जून २०१८ मध्ये हाच प्रश्न इलिनॉयहून पुन्हा आला, तेव्हा रिकामी जागा भरलेली होती आणि निकाल पाच विरुद्ध चार मतांनी संघटनांच्या विरोधात गेला. कायदा तोच, युक्तिवादही बव्हंशी तेच होते. मध्ये एक निवडणूक होऊन गेली होती.

त्या निवडणुकीत रिकाम्या खुर्चीने प्रत्यक्ष काम केले. ट्रम्प यांच्याबद्दल धार्मिक आणि रूढिवादी मतदारांत शंका होती, म्हणून मे २०१६ मध्ये त्यांनी आपण कोणातून न्यायमूर्ती निवडू, अशा अकरा नावांची यादी जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये ती वाढवली. आपण कोणाला न्यायमूर्ती करणार, हे उमेदवाराने असे नावानिशी छापून देणे ही नवी गोष्ट होती. मतदान केंद्राबाहेरील पाहणीत साधारण २१ टक्के मतदारांनी सर्वोच्च न्यायालयातील नेमणुका हा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचे सांगितले, आणि त्यांच्यात ट्रम्प यांना मत देणारे अधिक होते. वाढवलेल्या यादीतील नील गोर्सच यांचे नाव ३१ जानेवारी २०१७ रोजी जाहीर झाले आणि ७ एप्रिलला त्यांना ५४ विरुद्ध ४५ मतांनी मान्यता मिळाली.

गोर्सच यांच्या मान्यतेआधी एक दिवस सिनेटने स्वतःचा जुना नियम मोडला. त्या सभागृहात अल्पमतातील पक्ष चर्चा संपूच न देता मतदान रोखून धरू शकत असे, आणि चर्चा बंद करायला १०० पैकी ६० मते लागत. याला फिलिबस्टर म्हणतात. २०१३ मध्ये डेमोक्रॅट बहुमतात असताना हॅरी रीड यांच्या नेतृत्वाखाली खालच्या न्यायालयांतील आणि प्रशासनातील नेमणुकांसाठी ही अट काढण्यात आली होती, सर्वोच्च न्यायालय तेवढे वगळून. आता मकॉनेल यांनी उरलेलेही काढले. वरवर तांत्रिक वाटणारा हा बदल पुढच्या सगळ्यासाठी निर्णायक ठरला. साठ मते लागत होती तोवर राष्ट्राध्यक्षाला विरोधी पक्षातील काही जणांना चालेल असा उमेदवार शोधावा लागे; एक्कावन्न मते पुरू लागल्यावर ती गरज संपली. रूथ बेडर गिन्सबर्ग यांना १९९३ मध्ये ९६ विरुद्ध ३ मतांनी मान्यता मिळाली होती, ब्रेट कॅव्हनॉ यांना २०१८ मध्ये ५० विरुद्ध ४८ मतांनी मिळाली.

उदारमतवादी न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचे निधन १८ सप्टेंबर २०२० रोजी झाले. निवडणूक ३ नोव्हेंबरला होती, म्हणजे ४६ दिवसांवर. मकॉनेल अजूनही बहुमताचे नेते होते, आणि ट्रम्प जे नाव देतील त्यावर सिनेटमध्ये मतदान होईल, असे त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केले. २६ सप्टेंबरला एमी कोनी बॅरेट यांचे नाव पुढे आले, १२ ऑक्टोबरला सुनावणी सुरू झाली आणि २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्यांना मान्यता मिळाली. नाव जाहीर झाल्यापासून तीस दिवस, आणि निवडणुकीला आठ दिवस बाकी. तोवर सहा कोटींहून अधिक मतदारांनी टपालाने किंवा आगाऊ केंद्रावर जाऊन मत टाकलेही होते. ‘जनतेला वाव मिळू द्या’ म्हणणाऱ्यांनी जनता मतदान करत असतानाच जागा भरली.

त्या सुनावणीतील दोन दृश्ये पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्या दिवशी एका सिनेटरने बॅरेट यांना विचारले की, इतरांपुढे वह्या-पुस्तकांचे ढीग आहेत, तुमच्यापुढच्या वहीत काय आहे. त्यांनी वही उचलून दाखवली. तीवर सिनेटचे छापील नाव होते, बाकी पान कोरे. समर्थकांना त्यात तल्लख स्मरणशक्ती दिसली. मला मात्र त्या कोऱ्या पानात अशा सुनावण्यांचेच स्वरूप दिसते, कारण वादग्रस्त प्रश्नावर काहीच हाती लागू द्यायचे नाही, ही रीत बोर्क यांच्या अनुभवानंतर दोन्ही पक्षांच्या उमेदवारांनी पाळली आहे. दुसरे दृश्य २२ ऑक्टोबरचे. समितीच्या मतदानावर डेमोक्रॅट सदस्यांनी बहिष्कार घातला आणि आपापल्या खुर्च्यांवर ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यामुळे उपचार मिळालेल्या सामान्य माणसांची मोठी छायाचित्रे ठेवली. समितीने १२ विरुद्ध शून्य मतांनी नाव पुढे पाठवले. त्या कायद्याविरुद्धचा खटला निवडणुकीनंतर आठवडाभरात, १० नोव्हेंबरला, न्यायालयापुढे येणार होता, आणि बॅरेट यांच्या मताने कायदा पडेल, ही डेमोक्रॅटांच्या प्रचाराची मुख्य भीती होती. जून २०२१ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो खटला, दावा लावणाऱ्यांना तो लावण्याचा अधिकारच पोहोचत नाही, असे म्हणून निकाली काढला. बॅरेट सातांमध्ये होत्या. जून २०२२ मध्ये मात्र गर्भपाताच्या घटनात्मक हक्काचा १९७३ पासूनचा दंडक रद्द झाला, तेव्हा त्यांचे मत बहुमतासाठी आवश्यक होते. नेमणुकीच्या वेळी बांधलेले अंदाज कधी चुकतात आणि कधी तंतोतंत खरे ठरतात, आणि कोणता कधी, हे आधी कळत नाही.

दोन्ही वेळी दोन्ही पक्षांनी इतिहासाचे दाखले दिले. मकॉनेल यांचे म्हणणे असे होते की, निवडणुकीच्या वर्षात निर्माण झालेली जागा विरोधी पक्षाच्या सिनेटने १८८८ नंतर भरलेली नाही, आणि २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष व सिनेट एकाच पक्षाचे असल्याने तो दाखला लागूच होत नाही. हे विधान अक्षरशः खरे आहे, पण ते खरे ठेवण्यासाठी शब्द किती बेतून कापले आहेत ते पाहावे. १९८८ च्या फेब्रुवारीत, निवडणुकीच्या वर्षात, डेमोक्रॅट सिनेटने रेगन यांच्या अँथनी केनेडी यांना ९७ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली होती; ते मोजायचे नाही, कारण जागा आदल्या वर्षी रिकामी झाली होती. ब्रेनन यांचेही मोजायचे नाही, कारण सिनेटची संमती पुढच्या वर्षी आली. अटी वाढवत नेल्या की हवा तो दाखला उरतो. दुसऱ्या बाजूलाही हे काही परके नव्हते. १९९२ च्या जूनमध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष असलेले जो बायडेन यांनी सभागृहात सांगितले होते की, आता जागा रिकामी झालीच, तर जॉर्ज बुश यांनी निवडणूक होईपर्यंत नाव देऊ नये. जागा रिकामी झाली नाही, म्हणून ते भाषण चोवीस वर्षे विस्मरणात गेले होते. २०१६ मध्ये रिपब्लिकनांनी ते शोधून काढले. रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी तर २०१६ मध्ये बजावून ठेवले होते की, पुढे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष असताना शेवटच्या वर्षात जागा आली, तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. २०२० मध्ये बॅरेट यांच्या सुनावणीचे अध्यक्ष तेच होते, आणि त्यांचे शब्द रोज वापरले गेले. फरक काहीच पडला नाही. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं’ म्हणून हे सोडून देता येईल, पण त्याने गणित समजत नाही. २०१६ मध्ये सिनेटमध्ये रिपब्लिकन ५४ होते आणि राष्ट्राध्यक्ष त्यांचा नव्हता. २०२० मध्ये ते ५३ होते आणि राष्ट्राध्यक्ष त्यांचा होता. या दोन ओळी लिहिल्या की दोन्ही वर्षांचे निकाल आधीच सांगता येतात, तत्त्वांची एकही ओळ न वाचता.

जुना इतिहासही याहून सोवळा नाही. १८०० ची निवडणूक जॉन अ‍ॅडम्स हरले होते आणि मार्च १८०१ मध्ये थॉमस जेफरसन पदावर येणार होते. मधल्या काळात सरन्यायाधीशांनी राजीनामा दिला आणि अ‍ॅडम्स यांनी जानेवारीत आपल्याच परराष्ट्रमंत्र्याला, जॉन मार्शल यांना, त्या जागी बसवले. कायदा घटनेविरुद्ध असेल तर न्यायालय तो रद्द ठरवू शकते, हा १८०३ मधील प्रसिद्ध निकाल त्याच मार्शल यांचा. १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना नेमणुकाच करता येऊ नयेत म्हणून न्यायालयाच्या जागा कमी करत नेण्याचा कायदा केला, आणि ते जाताच १८६९ मध्ये त्या नऊ केल्या. १९६८ मध्ये पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर करून बसलेल्या लिंडन जॉन्सन यांनी एब फोर्टस यांना सरन्यायाधीश करू पाहिले, तेव्हा फिलिबस्टरने त्यांना ऑक्टोबरपर्यंत अडवले आणि नाव मागे घ्यावे लागले. ती नेमणूक रिचर्ड निक्सन यांच्या वाट्याला गेली.

अब्राहम लिंकन यांचे उदाहरण वेगळे म्हणून दिले जाते. १२ ऑक्टोबर १८६४ रोजी सरन्यायाधीश रॉजर टॉनी वारले. लिंकन यांनी निवडणूक होऊ दिली आणि ६ डिसेंबरला सॅमन चेस यांचे नाव दिले. २०२० मध्ये उपाध्यक्षपदाच्या वादचर्चेत कमला हॅरिस यांनी याचा दाखला दिला, लिंकन यांनी जनतेच्या कौलाचा मान ठेवला, अशा अर्थाने. पण सिनेट डिसेंबरपर्यंत भरणारच नव्हती, आणि त्या पदावर डोळा ठेवून असलेले अनेक जण तोवर लिंकन यांच्या प्रचारात राबत होते. खुद्द चेस त्याच वर्षी लिंकन यांच्याविरुद्ध पक्षाची उमेदवारी मिळवू पाहत होते. जागा रिकामी ठेवणे हेही प्रचाराचेच हत्यार होते, फक्त ते शांतपणे वापरले गेले. ६ डिसेंबरला नाव गेले आणि त्याच दिवशी मान्यता मिळाली, हे आजच्या वाचकाला अधिक नवलाचे वाटावे.

मृत्यूची तारीख ठरवता येत नाही, निवृत्तीची येते, आणि न्यायमूर्तीही निवडणुकीचे कॅलेंडर पाहतात. अँथनी केनेडी यांनी जून २०१८ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हा सिनेट रिपब्लिकनांकडे होती आणि नोव्हेंबरमध्ये मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणारी संसदेची, निवडणूक होती. त्यांच्या जागी त्यांचेच एकेकाळचे सहायक कॅव्हनॉ आले. स्टीफन ब्रेयर यांनी जानेवारी २०२२ मध्ये तेच केले, डेमोक्रॅटांचे निसटते बहुमत हातात असताना, आणि एप्रिलमध्ये केतांजी ब्राऊन जॅक्सन यांना ५३ विरुद्ध ४७ मतांनी मान्यता मिळाली. गिन्सबर्ग यांना हीच संधी २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीपूर्वी होती. वय ऐंशीच्या पुढे, कर्करोग होऊन गेलेला, राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट दोन्ही अनुकूल होते. त्या निवृत्त झाल्या नाहीत, कारण त्यांना काम करायचे होते. मला या निर्णयाला चूक म्हणवत नाही. आपण कधी थांबावे, हे न्यायमूर्तीने सिनेटच्या बळाबळावरून ठरवावे अशी अपेक्षा करणे, म्हणजे तोही एका पक्षाचा प्रतिनिधी आहे, हे मान्य करणे होय. पण पुढे काय घडले ते पाहून उदारमतवादी गटातील अनेकांनी त्यांना माफ केले नाही, हेही खरे.

आपल्याकडे याचा ताण दुसरीकडे जाणवतो. १९९३ च्या निकालापासून नावे ठरवण्यात न्यायमूर्तींचे कॉलेजियम पुढे आहे, संसदेत मतदान होत नाही, आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा न्यायालयाने रद्द केला. त्यामुळे आपल्याकडील वेळेचे राजकारण प्रचारसभेत दिसत नाही. ते दिसते शिफारशीची फाईल मंत्रालयात किती दिवस पडून राहते यात, चारपैकी दोन नावांना आधी मंजुरी देऊन ज्येष्ठतेचा क्रम बदलतो का यात. तिथे जनतेला सगळे दिसते आणि तरी काही करता येत नाही. येथे पुष्कळसे दिसतच नाही.

अमेरिकेत सुचवला जाणारा सर्वांत गंभीर उपाय अठरा वर्षांच्या मुदतीचा आहे. नऊ जागा आणि दर दोन वर्षांनी एक निवृत्ती, म्हणजे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला चार वर्षांत दोन नेमणुका, त्याही शक्यतो निवडणूक नसलेल्या वर्षी. बायडेन यांनी जुलै २०२४ मध्ये याला जाहीर पाठिंबा दिला. एकेका जागेची किंमत यामुळे नक्की उतरेल आणि मृत्यूच्या बातमीवर टपून बसण्याचे कारण उरणार नाही. मात्र घटनेत ‘वर्तन चांगले असेपर्यंत’ असे लिहिलेले असल्याने बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि तिला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते व ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता हवी. शिवाय ही मुदत लागू झाली, तरी राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याची असताना तिने गारलंड यांच्याप्रमाणे प्रत्येक नावावर मतदान घ्यायचेच नाही असे ठरवले तर काय करायचे, याचे उत्तर अठरा वर्षांच्या मुदतीतून मिळत नाही. ठरावीक दिवसांत मतदान झाले नाही तर संमती गृहीत धरावी, अशी तरतूद काही जण सुचवतात. तिला सिनेटने स्वतः होकार द्यावा लागेल.